पाक फसतो तो नेमका कुठे? तळाशी बसलेली साखर, दगड झालेले लाडू आणि न पडणाऱ्या वड्या

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात प्रश्न दरवर्षी तेच असतात. रव्याचे लाडू वळेनात. वळले ते दुसऱ्या दिवशी दगड झाले. गुलाबजामच्या डब्यात तळाशी साखरेचा थर बसला. नारळाच्या वड्या ताटात थापल्या, पण सुरी घातली की सगळं सुरीलाच चिकटून वर येतं. उत्तरंही ठरलेली : "लिंबू पिळा", "पाक पुढे गेला", "या वेळी साखरच खराब आली". यातलं शेवटचं सहसा खरं नसतं, आणि पहिलं निम्म्या वेळा नुकसानच करतं.

उपाय शोधण्याआधी एक गोष्ट ठरवा : तुमच्या पदार्थात विरघळलेली साखर परत साखर व्हायला हवी आहे की नको? गुलाबजाम, जिलबी, मोरांबा, कॅरॅमल यांत नको. नारळाची वडी, पाकातले चिरोटे, बालुशाही, काटेरी हलवा यांत हवी. तिथे तोच पांढरा कणीदार थर म्हणजे पदार्थ जमल्याची खूण. रव्याचा लाडू मधला, त्यात ती हवी पण हळूहळू आणि बेतानं. एका पदार्थातला दोष दुसऱ्यातली करामत असते, म्हणून एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की घोळ होतो.

आधी थोडा हिशेब

खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. उकळत्या पाण्यात हाच आकडा पावणेपाचशे ग्रॅमच्या वर जातो. आपण पाक उकळतो तेव्हा पाणी उडत जातं, साखर तेवढीच राहते. गरम असेपर्यंत ती निमूट विरघळलेली असते. गार होताना मात्र तेवढ्या पाण्यात तिला जागा पुरत नाही, आणि जास्तीची साखर बाहेर पडायला निमित्त शोधते.

म्हणजे २०० ग्रॅम साखर आणि १०० मिली पाणी घेतलं, की सुरुवातीलाच तुम्ही काठावर उभे असता. एकतारीपासून (दोन बोटांत थेंब धरून ओढला की एक तार निघते तो पाक; दोन निघाल्या की दोनतारी) पुढचा प्रत्येक पाक थंड झाल्यावर साखर टाकायला तयारच असतो. तो टाकेल की नाही हे बाकीच्या गोष्टींवर ठरतं.

तार बघणं ही कला आहे हे मान्य, पण बोटं भाजून घेत ती शिकायची सक्ती नाही. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर तो तारेपेक्षा भरवशाचा. रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवा. २०० ग्रॅम साखर आणि १०० ग्रॅम पाणी मिळून ३०० ग्रॅम. उकळताना हे वजन उतरत जातं. सुमारे २८० ग्रॅमवर एकतारी, २६० ते २६५ च्या आसपास दोनतारी, २३५ ते २४० वर गोळीबंद, म्हणजे गार पाण्यात थेंब टाकला की त्याची मऊ गोळी वळते तो. पातेलं उचलून काट्यावर ठेवायचं, बघायचं, परत गॅसवर. काट्यावर जाड फडकं घाला, नाहीतर काट्याची काच जाईल.

थर्मामीटर वापरणाऱ्यांसाठी : एकतारी १०४ ते १०६ अंश सेल्सिअस, दोनतारी १०८ च्या आसपास, गोळीबंद ११२ ते ११६, आणि कडक चिक्कीचा पाक १४६ च्या पुढे. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. मुंबईत ते जसेच्या तसे चालतात. पुण्यात पाणीच साधारण ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. म्हणून आधी साधं पाणी उकळून थर्मामीटर काय दाखवतो ते बघा आणि १०० पासून जेवढा फरक पडेल तेवढा प्रत्येक आकड्यातून वजा करा. मुंबईच्या मावशीचा आकडा पुण्यात वापरला की पाक दोन अंश पुढे जातो. एकतारी आणि दोनतारीमधलं अंतरच मुळात दोन-तीन अंशांचं.

पाक उकळतानाच ढगाळ झाला, कडेला साखर जमली

साखर परत जमायला एक पहिला कण लागतो. तो मिळाला की बाकीची त्यावर चढत जाते. हा कण तीन ठिकाणांहून येतो : नीट न विरघळलेली साखर, पातेल्याच्या कडेला उडून वाळलेले थेंब, आणि तार बघायला वापरून ओट्यावर ठेवलेला चमचा. तिसरा गुन्हेगार सर्वांत दुर्लक्षित. त्यावर वाळलेली साखर असते, तोच चमचा परत पाकात बुडवला की काम तमाम.

साखर पूर्ण विरघळेपर्यंत आच मंद ठेवा आणि हवं तेवढं ढवळा. उकळी फुटली की ढवळणं बंद. कडेला थेंब दिसले तर पातेल्यावर दोन मिनिटं झाकण ठेवा. आतल्या वाफेचं पाणी कडेनं ओघळून ते धुऊन नेतं. ओल्या ब्रशनं कडा पुसल्या तरी चालतं. तार बघायला दर वेळी स्वच्छ चमचा.

दुधाची मळी काढायची जुनी पद्धत मी अजूनही सोडलेली नाही. उकळत्या पाकात चमचाभर दूध घातलं की ते फाटतं आणि साखरेतली बारीक घाण धरून फेसासारखं वर येतं. ते झाऱ्यानं काढलं की पाक काचेसारखा होतो. हल्लीची साखर पुष्कळ स्वच्छ असते, रोजच्या पाकाला याची गरज नाही. काटेरी हलव्याला मात्र हवीच.

बाजारच्या पिठीसाखरेचा पाक करू नका. तिच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून बऱ्याचदा कॉर्नफ्लोअर मिसळलेलं असतं, आणि पाक दुधट होतो तो त्यामुळे.

पाक जमून पातेल्यात नुसती ओली साखर उरली तरी घाबरू नका. अर्धी वाटी पाणी घाला, मंद आचेवर परत विरघळवा, पहिल्यापासून सुरू करा. रंग बदलला नाही तोवर साखरेचं काहीही बिघडलेलं नसतं. हा उपाय कितीही वेळा करता येतो. पदार्थ टाकून देणारी माणसं बघितली की मला खरोखर वाईट वाटतं.

लिंबू : कधी, किती आणि कुठे अजिबात नाही

आपली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. आंबट पदार्थासोबत उकळली की काही जोड्या फुटतात. मग पाकात तीन वेगवेगळ्या आकाराचे रेणू फिरत राहतात, त्यांची एकसारखी रांग लागत नाही, आणि पाक पातळसर, चमकदार राहतो. लिंबाचं काम एवढंच.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, जोडी फुटायला उष्णता आणि वेळ लागतो. गॅस बंद करून पाकात लिंबू पिळलं तर चव येते, उपयोग जवळपास शून्य. उकळी फुटतानाच घाला आणि पाच-सात मिनिटं सोबत उकळू द्या. वाटीभर साखरेला पाव चमचा रस पुरतो, फार तर अर्धा. दोन, जास्त लिंबू घातलेला पाक मग कधीच घट्ट धरत नाही. नारळाची वडी, पाकातले चिरोटे, बालुशाही यांत लिंबू घातलंत तर वरचा पांढरा थर येणार नाही आणि हाताला चिकटत राहील. आणि ज्या पाकात दूध जाणार आहे त्यात लिंबू नको, दूध फाटेल. मळी काढायची असेल तर ती आधी, लिंबू नंतर.

गुलाबजामच्या तळाशी साखर बसते ती बहुतेक वेळा लिंबू विसरल्यामुळे नाही, तर पाकाला तार येईपर्यंत उकळल्यामुळे. त्या पाकाला तार लागतच नाही. साखर आणि पाणी समान वजनाचं घ्या, बोटांना नुसता चिकट लागेपर्यंत उकळा आणि थांबा. असा पाक फ्रिजमध्येही साखर टाकत नाही. टाकलीच असेल तर गुलाबजाम हलक्या हातानं बाहेर काढा, पाकात पाव वाटी पाणी घालून गरम करा, विरघळला की कोमट करून परत सोडा.

रव्याचे लाडू

सगळ्यांत जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून जरा थांबूया.

चार वाट्या रवा, तीन वाट्या साखर, दीड वाटी पाणी हे बऱ्याच घरांतलं प्रमाण आहे आणि ते चांगलं आहे. पाक एकतारी. भाजलेला रवा त्यात पडतो तेव्हा मिश्रण शिऱ्यासारखं पातळ दिसतं, आणि नेमकं इथेच नवशिक्याचा धीर सुटतो. तो रवा वाढवतो, किंवा पुढच्या वेळी दोनतारी पाक करतो. दोन्ही चूक.

आत काय चाललंय ते बघा. रवा कोरडा आहे, तो पाकातलं पाणी शोषत राहतो. पाणी रव्यात गेलं की बाहेर उरलेला पाक आपोआप दाट होतो, आणि मग त्याची बारीक साखर धरून रव्याचे कण एकमेकांना बांधते. याला एक ते तीन तास लागतात. आपण "मुरू द्या" म्हणतो तो हाच वेळ. झाकण ठेवायचं आणि अधूनमधून ढवळायचं, म्हणजे वरचा थर वाळत नाही. पाक आधीच दोनतारी असेल तर रव्यानं थोडंसं पाणी घेताच सगळी साखर एकदम धरते. मिश्रण दहा मिनिटांत भुसभुशीत होतं, लाडू वळताना तडकतात, आणि जे वळले जातात त्यांना दुसऱ्या दिवशी दात लागत नाहीत.

मिश्रण कोरडं पडलं असेल तर थोडं मिश्रण मिक्सरमध्ये घालून दोन-तीन चमचे कोमट दूध शिंपडा, एक-दोन वेळा फिरवा आणि उरलेल्यात मिसळा. फिरवल्यानं जमलेल्या साखरेच्या गाठी मोडतात, दुधानं कडा विरघळतात, लाडू लगेच वळतात. मिक्सर नको असेल तर दुधाचा हबका मारून कढईत मंद आचेवर झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ द्या. दूध घातलेले लाडू टिकायला कमी, हे लक्षात ठेवा. जास्त दिवस ठेवायचे असतील तर दुधाऐवजी पाण्याचा हबका मारा आणि वरून चमचाभर तूप.

वळून झालेले लाडू दगड झाले तर कुटून पुन्हा हेच करायचं. मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद ठेवले की मऊ होतात खरे, पण गार झाले की मूळपदावर येतात. पाहुणा समोर बसला असेल तेव्हापुरती ही युक्ती ठीक.

उलटी तक्रार : चार तास झाले तरी मिश्रण सैल. आधी रात्रभर झाकून ठेवा. खरंच. सकाळी तसंच असेल तर पाक कच्चा होता. कढईत मंद आचेवर परतून थोडं पाणी उडवा, किंवा दोन-तीन चमचे दूध पावडर घाला. ओलं खोबरं घालणारे लोक एक विसरतात : खोबरं स्वतःचं पाणी घेऊन येतं. ते रव्यासोबत परतून घ्या, नाहीतर पाक एकतारीपेक्षा किंचित पुढे न्या.

नारळाच्या वड्या

वडीत साखर परत धरायलाच हवी आहे, त्यामुळे वर सांगितलेले निम्मे नियम इथे उलटे होतात. लिंबू नाही, आणि शेवटी ढवळायचं नाही तर चांगलं घोटायचं. मिश्रण कढईच्या मध्यभागी गोळा होऊन फिरायला लागलं आणि कडेला पांढरी कोरडी साखर दिसायला लागली, की गॅस बंद. मग खाली उतरवून दोन-तीन मिनिटं जोरानं घोटा. घोटल्यानं एकाच वेळी असंख्य बारीक कण तयार होतात आणि वडी खुसखुशीत होते. न घोटता तशीच थापली तर थोडेच कण होतात आणि सावकाश मोठे होतात. वडी एकीकडे चिवट आणि एकीकडे खरखरीत लागते. खडीसाखर करताना नेमकं हेच मुद्दाम करतात, दाट पाकात दोरा सोडून पाक अजिबात न हलवता दिवसेंदिवस ठेवतात.

वडी पडलीच नाही तर ताटातलं सगळं खरवडून कढईत घाला आणि पुन्हा आटवा. भुगा झाला तर पाव वाटी दूध घालून गरम करा, विरघळलं की परत त्याच खुणेपर्यंत न्या.

आंब्याच्या रसाची वडी नेहमीच्या वेळेत पडत नाही म्हणून बायका काळजीत पडतात. आंब्यात आम्ल आहे, शिवाय त्याचं स्वतःचं ग्लुकोज-फ्रुक्टोज आहे. म्हणजे लिंबू न घालता घातल्यासारखंच. ती जास्त आटवावी लागते आणि तरीही साध्या वडीपेक्षा मऊ राहते. गुळाच्या वडीचंही तेच, गुळात फुटलेल्या जोड्या आधीपासून असतात. त्या दोघींकडून पांढऱ्या वडीसारख्या खुसखुशीतपणाची अपेक्षा करू नका.

बेसनाचे लाडू बसले

इथे पाकच नाही, तरी दोष साखरेवर जातो. "गरम बेसनात पिठीसाखर घातली, ती वितळली, म्हणून लाडू बसले" असं सगळे सांगतात. साखर तुपात विरघळत नाही, आणि हाताला सोसवेल एवढ्या गरम बेसनात ती वितळणंही शक्य नाही. खरं कारण तूप. ते अजून पातळ असतं, साखर घालून कालवलं की मिश्रण आणखी सैल वाटतं, आणि तसाच वळलेला लाडू स्वतःच्या वजनानं बसतो. सल्ला मात्र बरोबरच आहे, बेसन कोमट होऊ द्या. बसलेले लाडू परत मळा, ताट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग वळा.

लाडूला दाणेदारपणा हवा असेल तर पिठीसाखरेऐवजी तगार वापरा. गोळीबंदच्या पुढे गेलेला पाक खाली उतरवून, चमचाभर तूप घालून, कोरडी भुकटी होईपर्यंत घोटायचा आणि चाळायचा. म्हणजे पाक जमवण्याचा जो दोष आपण एवढा वेळ टाळत होतो तो मुद्दाम घडवून आणायचा.

चिक्की चिवट, चिक्की ओलसर

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. केली त्याच दिवशी दाताला चिकटली तर पाक कमी शिजला. गार पाण्यात थेंब टाका, तो टणक होऊन कट्कन तुटला पाहिजे. वाकला तर अजून वेळ आहे. गूळ चिक्कीचाच आणा, साध्या गुळाची चिक्की बऱ्याचदा कुरकुरीत होत नाही. दोन दिवसांनी ओलसर झाली तर दोष हवेचा. कडक पाकातली साखर कणीदार नसते, काचेसारखी गोठलेली असते, आणि ती हवेतला ओलावा भराभर ओढते. पावसाळ्यात कोकणात चिक्की उघडी ठेवणं म्हणजे तिला पाण्यात ठेवणं. पूर्ण गार झाली की लगेच घट्ट डब्यात. गरम भरलीत तर डब्यातच वाफ धरेल.

कॅरॅमल

पुस्तकांत साखरेचा वितळणबिंदू १८६ अंश दिलेला असतो. बर्फासारखी ती एका ठरावीक आकड्याला वितळते असं मात्र नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की साखर वितळताना दिसते तेव्हा ती प्रत्यक्षात विघटित होत असते, आणि ते कोणत्या तापमानाला होईल हे तुम्ही किती वेगानं तापवता त्यावर ठरतं. स्वयंपाकघरात याचा अर्थ सरळ आहे : मंद आचेवर जास्त वेळ ठेवलेली साखरही रंग धरते. कॅरॅमलमध्ये आकड्यावर नाही, रंगावर लक्ष ठेवा. मधाचा रंग आला की गॅस बंद करा, कारण जाड बुडाच्या भांड्यातली उष्णता पुढचं काम करतेच. चहाच्या रंगापर्यंत गॅसवर थांबलात तर ताटात कडूच येईल.

गुठळ्या राहिल्या तर ढवळू नका, आच कमी करून भांडं फिरवा, त्या विरतात. वरून पाणी किंवा दूध घालायचं असेल तर ते गरम असू द्या, थोडं थोडं घाला आणि तोंड लांब ठेवा. थंड पाणी पडलं की साखर क्षणात दगड होते आणि फसफसून बाहेर उडते. त्या तापमानाची साखर कातडीला चिकटून राहते, उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा खूप वाईट भाजते. मुलांना त्या वेळी ओट्याजवळ येऊ देऊ नका.

आणि पातेल्याला चिकटलेला थर तारेच्या घासणीनं खरवडत बसू नका. काठोकाठ पाणी भरा, झारे-चमचे त्यातच टाका, उकळी येऊ द्या. दहा मिनिटांत सगळं सुटतं.